जुन्या कालव्यांसाठी झटणाऱ्या संस्थेचा कारभार

इंग्लंडच्या मध्यभागातील एका अर्धवट बुजलेल्या कालव्याच्या पुनरुज्जीवनासाठी काम करणाऱ्या छोट्या स्वयंसेवी संस्थेची कार्यवाह म्हणून मी काही वर्षे काम पाहते आहे. येथील मराठी मंडळींना त्याचे कुतूहल वाटते आणि बहुतेकांची समजूत अशी असते, की आम्ही सुट्टीच्या दिवशी नावेतून फिरतो किंवा फार तर चिखल उपसतो. नाव आणि चिखल दोन्ही आहेत. परंतु आमचा निम्म्याहून अधिक वेळ नोंदी, पत्रव्यवहार, सभा आणि हिशेब यांत जातो. ब्रिटनमधले जे जुने कालवे आज पाण्याने भरलेले दिसतात, त्यांपैकी अनेक कालवे फावड्याइतकेच या कागदांमुळे वाचले आहेत, असे माझे ठाम मत आहे, आणि अशी संस्था चालवू पाहणाऱ्याने हे सर्वांत आधी समजून घ्यावे, असे मला वाटते.

कालवा म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला नीरा डावा कालवा किंवा मुठा उजवा कालवा आठवतो. तो शेतीसाठी असतो, त्याला उतार दिलेला असतो आणि पाणी सतत वाहते राहावे हाच त्याचा हेतू असतो. जलवाहतुकीच्या कालव्याचा हेतू नेमका उलटा आहे. तेथे पाणी शक्य तितके स्थिर हवे, म्हणून कालवा समपातळीत खोदतात आणि जमीन चढली किंवा उतरली की तेथे लॉक बांधतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दारे असलेला विटांचा किंवा दगडाचा अरुंद हौद. नाव आत घ्यायची, दारे लावायची, झडपा उघडून पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि नाव वरच्या किंवा खालच्या पातळीवर न्यायची. मध्य इंग्लंडमधले बहुतेक लॉक जेमतेम ७ फूट रुंद आणि ७० फुटांच्या आसपास लांब आहेत. अशा एका लॉकमधून एकदा नाव उतरवायची तर एक लाख लिटरहून अधिक पाणी खाली जाते, आणि म्हणूनच या कालव्यांच्या माथ्यावर मुद्दाम बांधलेले तलाव असतात. हे सारे जाळे प्रामुख्याने १७६१ नंतरच्या सत्तर वर्षांत उभे राहिले. त्या वर्षी वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि त्याचे यश पाहून गावोगावच्या व्यापाऱ्यांनी आपापले कालवे खोदून घेतले. पुढे रेल्वे आली, अनेक कालवे रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले, आणि ज्यांना माल आपल्या गाड्यांनी जावा असे वाटत होते त्यांच्याच हाती कालव्यांची देखभाल गेली. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा कित्येक मैलांवर गवत आणि गाळ यांचेच राज्य होते.

या पार्श्वभूमीवर १९४६ मध्ये लंडनच्या गॉवर स्ट्रीटवरील एका घरात इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. रॉबर्ट एकमन अध्यक्ष, चार्ल्स हॅडफील्ड उपाध्यक्ष, टॉम रोल्ट मानद कार्यवाह आणि फ्रँक आयर खजिनदार, असे तिचे पहिले पदाधिकारी होते. यांतले रोल्ट हे अभियंते. ते क्रेसी नावाच्या नावेत राहत असत आणि कालव्यांवरील प्रवासाचे त्यांचे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध होऊन लोकप्रिय झाले होते. ते वाचून एकमन यांनी त्यांना पत्र लिहिले आणि त्यातूनच संस्थेची कल्पना निघाली. या चौघांकडे ना पैसा होता, ना यंत्रे. त्यांच्याकडे होता तो कायद्याचा अभ्यास. कालवे संसदेच्या कायद्यांनी बांधले गेले होते आणि त्या कायद्यांनी लोकांना नावा नेण्याचा हक्क दिला होता. तो हक्क रीतसर रद्द होईपर्यंत जिवंतच होता, मग पाणी कितीही गढूळ का असेना.

१९४७ मध्ये रोल्ट यांनी हा हक्क प्रत्यक्ष वापरून दाखवला. बर्मिंगहॅमजवळ किंग्ज नॉर्टन येथे स्ट्रॅटफर्ड कालव्यावर एक उचलता येणारा पूल होता. तो नादुरुस्त झाल्यावर रेल्वे कंपनीने तो कायमचा खाली बसवून टाकला होता आणि नावांची वाट बंद झाली होती. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये याविषयी प्रश्न विचारला गेला, तेव्हा नाव नेण्याची आगाऊ सूचना दिल्यास पूल उचलला जाईल, असे उत्तर मिळाले. रोल्ट यांनी लगोलग तशी सूचना दिली. कंपनीला माणसे आणि जॅक लावून पूल वर उचलावा लागला आणि क्रेसी त्याखालून गेली. मला या प्रसंगातील धाडसापेक्षा त्यामागची शिस्त अधिक महत्त्वाची वाटते. आधी प्रश्न, मग लेखी उत्तर, मग त्या उत्तराच्या आधारे लेखी सूचना आणि शेवटी नाव. हा क्रम उलटा असता, तर एक हौशी माणूस पुलाखाली अडकला एवढीच बातमी झाली असती.

त्याच कालव्याच्या दक्षिण भागाची कथा मी आमच्या प्रत्येक नव्या सभासदाला सांगते. किंग्जवुडपासून शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डपर्यंतचा हा सुमारे १३ मैलांचा तुकडा पन्नाशीच्या दशकात जवळजवळ मृतवत झाला होता. १९५८ मध्ये तेथील काउंटी कौन्सिलने त्यावरचा एक पूल नव्याने बांधायचे ठरवले. कालवा अधिकृतपणे सोडून दिला, तर नावांसाठी उंची ठेवण्याची गरज उरत नाही आणि काम स्वस्तात होते. म्हणून कौन्सिलने त्यासाठी अर्ज केला. कालवा वापरात नाही, हा त्या अर्जाचा आधार होता. परंतु कनू, म्हणजे वल्ह्याने चालणारी हलकी होडी, घेऊन तेथून गेलेल्या लोकांनी रीतसर शुल्क भरले होते आणि त्याची तारीख असलेली पावती त्यांच्यापाशी होती. वापर सिद्ध झाला आणि अर्ज फेटाळला गेला. पुढे ऐतिहासिक वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९६० मध्ये हा भाग भाडेपट्ट्याने घेतला, डेव्हिड हचिंग्ज यांच्याकडे कामाची सूत्रे दिली, आणि स्वयंसेवक, सैनिक व बर्मिंगहॅमच्या तुरुंगातील कैदी यांनी मिळून लॉक दुरुस्त केले, गाळ उपसला आणि ११ जुलै १९६४ रोजी राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांच्या बळावर इतक्या मोठ्या लांबीचा कालवा जिवंत करता येतो, हे या कामाने पटले. या साऱ्याच्या मुळाशी एक पावती आहे. ती कोणी खिशातून काढून फेकून दिली असती, तर पुढचे सगळे कदाचित घडलेच नसते.

आमच्या संस्थेत याच कारणाने नोंदवही अत्यंत काटेकोरपणे ठेवली जाते. आमच्या कालव्याच्या ज्या तुकड्यांत पाणी आहे, तेथे कोणी होडी उतरवली, कोणत्या शाळेची मुले पाहायला आली, टोपाथवरून, म्हणजे पूर्वी ज्या वाटेने घोडे नावा ओढत त्या काठावरच्या वाटेवरून, किती माणसे चालली, कोणत्या बांधाला गळती दिसली, कोणत्या दिवशी पाण्याची पातळी किती होती, हे सारे तारीख आणि सहीसह लिहिले जाते. नोंद त्याच दिवशी, जागेवरच व्हायला हवी, घरी जाऊन आठवून लिहायची नाही, हा आमचा नियम आहे. प्रत्येक छायाचित्रामागे दिशा लिहिली जाते, कारण झाडे वाढल्यावर पंधरा वर्षांनी ते चित्र नेमके कोणत्या बाजूचे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. अनुदानासाठी अर्ज करताना, जमीनमालकाशी बोलताना किंवा अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घेताना या वहीची पाने अक्षरशः उपयोगी पडतात.

याच्या जोडीचे दुसरे काम म्हणजे बांधकाम परवानग्यांचे अर्ज वाचणे. बुजलेला कालवा हा नकाशावर केवळ एक लांब, अरुंद, रिकामा पट्टा दिसतो आणि घरे बांधणाऱ्याला तो मोह घालतो. एकदा त्यावर दहा घरे उभी राहिली की वरच्या आणि खालच्या बाजूस कितीही उत्कृष्ट काम झाले, तरी नाव पुढे जाऊ शकत नाही. म्हणून कौन्सिलच्या विकास आराखड्यात कालव्याची मूळ रेषा संरक्षित म्हणून दाखल करून घेणे आणि त्या रेषेला छेद देणाऱ्या प्रत्येक अर्जावर मुदतीत लेखी हरकत किंवा सूचना नोंदवणे, हे संस्थेचे कर्तव्य ठरते. ही मुदत सहसा २१ दिवसांची असते. आमच्याकडे एक निवृत्त ग्रंथपाल बाई हे काम पाहतात. दर आठवड्याला त्या परिसरातले सगळे अर्ज चाळतात आणि आवश्यक तेथे मसुदा तयार करून समितीपुढे ठेवतात. त्यांनी हातात फावडे धरलेले मी फारसे पाहिलेले नाही, आणि तरीही कालव्याची वाट मोकळी राहिली आहे ती मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे.

पैशाविषयी थोडक्यात सांगते. नोंदणीकृत धर्मादाय संस्था असल्याने विश्वस्तांवर कायदेशीर जबाबदारी असते आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांच्या आत वार्षिक माहिती सादर करावी लागते. आयकर भरणाऱ्या देणगीदाराने गिफ्ट एडच्या पत्रकावर सही केली, तर एका पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. ही पत्रके जपून ठेवणे कंटाळवाणे असले, तरी आमच्यासारख्या संस्थेला ती रक्कम सोडणे परवडत नाही. विमा हा खर्चातला मोठा भाग असतो आणि त्याशिवाय एकही माणूस कामाच्या जागेवर उभा करता येत नाही.

आता फावड्याविषयी. कालव्याचे काम ऋतूप्रमाणे चालते. पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळायचा म्हणून झाडेझुडपे तोडण्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून घ्यावे लागते. थंडीत विटा जोडणारा चुन्याचा मसाला धरत नाही आणि गोठल्याने भुसभुशीत होतो, म्हणून विटांचे काम उन्हाळ्यात. आमच्या लॉकची एक भिंत नव्याने बांधताना मी एका जुन्या गवंड्याच्या हाताखाली विटा साफ करण्याचे काम केले आहे. मूळ विटा चुन्यात बसवलेल्या असल्याने छिन्नीच्या दोन हलक्या ठोक्यांत जुना चुना सुटून येतो आणि वीट अखंड राहते. पुढे कोणी केलेल्या सिमेंटच्या ठिगळातली वीट मात्र सिमेंटच्या आधी स्वतः फुटते. हे पाहिल्यानंतर चुनाच का वापरायचा, यावर समितीत कोणाला व्याख्यान द्यावे लागत नाही. तळाला पाणी धरून ठेवण्यासाठी चिकणमातीचा थर असतो. कुंभार माती तुडवतो तशी ती पाण्यासह तुडवून, हवा काढून, थरावर थर देत बसवायची असते आणि नंतर ती कधीही कोरडी पडू द्यायची नसते. कोरडी पडली की भेगा जातात आणि भेगा गेल्या की पाणी शेजारच्या शेतात. म्हणून पुरेसे पाणी उपलब्ध झाल्याशिवाय तळ तयार करण्याची घाई करू नये, असा माझा आग्रह असतो, मग उत्साही सभासदांना तो कितीही नकोसा वाटो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीचे आणखी एक काम मला विशेष जवळचे आहे. हिमालयन बाल्सम नावाची गुलाबी फुलांची वनस्पती १८३९ मध्ये बागेची शोभा म्हणून ब्रिटनमध्ये आणली गेली आणि आज ती नद्या-कालव्यांच्या काठांवर माजली आहे. ही आपल्या तेरड्याची सख्खी चुलत बहीण. ज्या तेरड्याच्या रोपांच्या गौरी कोकणात घरी आणतात, त्याच कुळातली. बोंड हलके दाबले की फट्दिशी फुटून बिया उडतात, हा गुणही तोच, फक्त ही वनस्पती माणसाहून उंच वाढते आणि बिया कित्येक मीटर दूर फेकते. हिवाळ्यात ती मरून जाते, काठ उघडा पडतो आणि माती पाण्यात ढासळते. मुळे उथळ असल्याने ती हाताने सहज उपटता येते. मात्र बोंडे धरण्यापूर्वी उपटली पाहिजे आणि काम प्रवाहाच्या वरच्या बाजूने सुरू करून खाली यायला हवे, नाहीतर वरून वाहत आलेले बी खालची मेहनत पुढच्या वर्षी वाया घालवते. कोणतेही अवजार लागत नसल्याने आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना हे काम देता येते, आणि संस्थेशी कुटुंबे जोडून घेण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

माणसे टिकवण्याचा प्रश्न खरोखर येथेच सुटतो. कामाच्या दिवशी पहिल्यांदा आलेल्या माणसाला दहा मिनिटांच्या आत निश्चित काम, त्या कामाचे हातमोजे आणि शेजारी बोलायला एक माणूस मिळाला पाहिजे. तो अर्धा तास कडेला उभा राहिला, तर पुन्हा येत नाही. वॉटरवे रिकव्हरी ग्रुप ही १९७० मध्ये सुरू झालेली स्वयंसेवकांची फळी देशभरातल्या कालव्यांवर आठवडाभराची शिबिरे घेते. अशा शिबिराचे नेते आदल्या रात्रीच प्रत्येक माणसाचे काम ठरवून ठेवतात आणि सकाळी धोक्यांची माहिती देऊन लगेच सुरुवात करतात. गावाच्या सभागृहात जमिनीवर झोपून, पाळीपाळीने स्वयंपाक करून परक्या गावच्या लॉकसाठी राबणारी ही मंडळी पाहिली की मन भरून येते, आणि त्यांची आखणी पाहिली की डोळे उघडतात.

मतभेद मात्र होतातच, आणि ते अगदी जुने आहेत. एकमन यांचे म्हणणे होते की प्रत्येक कालव्यासाठी लढायचे, एकही सोडायचा नाही. रोल्ट यांना वाटत होते की ज्या कालव्यांवर अजून नावाडी कुटुंबे पोट भरत आहेत, ते आधी वाचवावेत. हा वाद इतका विकोपाला गेला की १९५१ मध्ये रोल्ट यांना आपणच उभ्या केलेल्या संस्थेतून बाहेर पडावे लागले. पुढे त्यांनी वेल्समधली टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालू ठेवण्याच्या कामात स्वतःला झोकून दिले. देशपातळीवर एकमन बरोबर होते, असे मला आज वाटते. कारण कोणता कालवा वाचेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ज्याचे पुनरुज्जीवन अशक्य समजले जात होते तो पेनाइन डोंगर ओलांडणारा हडर्सफील्ड नॅरो कालवा, त्यावरच्या ७४ लॉकसह आणि तीन मैलांहून लांब स्टँडेज बोगद्यासह, २००१ मध्ये खुला झाला. परंतु गावपातळीवरच्या संस्थेला रोल्ट यांचीच दृष्टी हवी. मोजके हात असताना तीन जागी काम उघडले, तर तिन्ही जागा अपुऱ्या राहतात. आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दर वेळी कोणीतरी आपल्या घराजवळचा पूल आधी घ्यावा म्हणून पोटतिडकीने बोलतो. त्याचे म्हणणे इतिवृत्तात पूर्ण उतरवून घेणे आणि तरीही समितीने ठरवलेल्या क्रमाला धरून राहणे, हे कार्यवाहाचे काम आहे. आपले म्हणणे लिहिले गेले आहे हे दिसले, की विरोधात मत दिलेला माणूससुद्धा पुढच्या रविवारी कामावर येतो.

हडर्सफील्ड कालव्याच्या पुनरुज्जीवनाची संस्था १९७४ मध्ये निघाली होती, म्हणजे तिला सत्तावीस वर्षे लागली. तिशीत सभासद झालेली माणसे उद्घाटनाला साठीच्या उंबरठ्यावर होती. आमचे काम त्याहून सावकाश चालले आहे, आणि म्हणून प्रत्येक पदाचा वारस तयार करणे मला आता सर्वांत निकडीचे वाटते. २०१२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग सरकारी मंडळाकडून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय न्यासाकडे गेले, तेव्हापासून स्वयंसेवकांची गरज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. खजिनदाराशेजारी एक सहखजिनदार, कामाच्या जागेच्या प्रमुखाशेजारी एक शिकाऊ प्रमुख आणि माझ्या शेजारी एक सहकार्यवाह असावा, असा ठराव आम्ही केला आहे. पहिल्या दोन जागा भरल्या आहेत, तिसरी अजून रिकामी आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना म्हणूनच एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांनी गणेशोत्सव मंडळाच्या वर्गण्या जमवल्या आहेत, गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्ते लिहिली आहेत, मंडळाच्या कार्यक्रमांचे हिशेब पैशापैशाने जुळवले आहेत. हा अनुभव येथल्या कालव्यांच्या संस्थांना हवा आहे, आणि तो आपल्याकडे आहे हे त्यांना ठाऊक नाही. घराजवळच्या संस्थेच्या कामाच्या दिवशी जुने बूट घालून जावे, चहाच्या वेळी बसून लोकांशी बोलावे, आणि हिशेब किंवा इतिवृत्त लिहिता येत असेल, तर ते पहिल्याच भेटीत समितीतल्या कोणाला तरी आवर्जून सांगावे.